नवी रॅम आणि काळी स्क्रीन

प्रश्न : डीडीआर५ रॅमची नवी जोडी बसवली. स्क्रीन दोन-तीन मिनिटं काळीच राहिली, म्हणून संगणक बंद केला. रॅम खराब असेल का?

उत्तर : बहुधा नाही. संगणक पुन्हा सुरू करा आणि या वेळी दहा-पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नका.

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमधलं फर्मवेअर (यूईएफआय, जुन्या सवयीने आपण बायोस म्हणतो) कामाला लागतं. तेव्हा रॅम वापरण्याजोगी नसते. प्रत्येक पट्टीवरची एसपीडी चिप वाचून तिची क्षमता आणि वेग कळतो, पण तेवढ्याने भागत नाही. डीडीआर५-६००० मध्ये एकेका डेटा-तारेतून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात, तिथे वेळेची किंचित चूकही चालत नाही. म्हणून फर्मवेअर ठरावीक नमुने लिहून, परत वाचून प्रत्येक तारेची अचूक वेळ जुळवतं. हे मेमरी ट्रेनिंग. मला तर सुरुवातीच्या साऱ्या कामांत हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं! ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांची दखल त्यानंतर घेतली जाते, म्हणून तोवर स्क्रीन काळी. जुळवणी सहसा साठवली जाते, त्यामुळे पुढच्या वेळी उशीर होत नाही. तुम्ही मध्येच बंद केल्याने ती अर्धवट राहिली असणार.

तरीही काही दिसलं नाही, तर एकच पट्टी मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवून पाहा. ती चालली, तर दोन्ही पट्ट्या लावण्याआधी फर्मवेअर अद्ययावत करा.