मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविणारी जोडपेटी : उपयोग आणि धोके

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, खानापूर रस्त्यालगत वसलेली उद्यमबाग ही या सीमाभागातील यंत्रकौशल्याची पेठ होय. येथील ओतशाळांतून बिडाचे ओतीव भाग बाहेर पडतात आणि लेथ व ग्राइंडिंग यंत्रांवर क्रँकशाफ्टसारखे इंजिनाचे भाग मापात आणले जातात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा फरकही जेथे दोष मानला जातो, त्या परिसरात इंजिनाची ताकद किती आणि तिची मर्यादा कोठे, हा प्रश्न केवळ हौशी लोकांपुरता राहत नाही.

वेगवान मोटारींची आवड असलेल्या तरुणांमध्ये अलीकडे एका छोट्या उपकरणाची चर्चा ऐकू येते. तळहाताएवढी ही पेटी इंजिनाच्या विजेच्या जोडणीत बसविली की गाडीची अश्वशक्ती वाढते, असे सांगितले जाते. इंजिन उघडावे लागत नाही, पेटी केव्हाही काढून ठेवता येते, हे तिचे आकर्षण. हा दावा कितपत खरा आहे आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

शक्ती येते कोठून?

पेट्रोलचा एक भाग पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणून अधिक शक्ती हवी असेल तर सिलिंडरमध्ये इंधनाबरोबर हवाही अधिक गेली पाहिजे. टर्बोचार्जर नेमके हेच काम करतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचे चाक फिरते आणि आत येणारी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरली जाते.

आधुनिक मोटारीत हवेचा दाब, इंधनाचा दाब, उष्णता आणि इंजिनाची गती मोजण्यासाठी संवेदक बसविलेले असतात. त्यांचे संकेत नियंत्रक संगणकाकडे जातात. केव्हा, किती इंधन फवारावयाचे आणि ठिणगी केव्हा पाडावयाची, याचा निर्णय तो क्षणोक्षणी घेत असतो.

जोडपेटी बसते ती संवेदक आणि संगणक यांच्या मधोमध. समजा, इंधनाच्या नळीतील खरा दाब १,५०० बार आहे. पेटी संगणकास तो १,४०० बार असल्याचे कळविते. दाब कमी पडला असे समजून संगणक तो वाढवितो आणि इंधन अधिक फवारले जाते. निपाणीच्या तंबाखू बाजारातील काटा मुद्दाम कमी वजन दाखवू लागला, तर तोलणारा पारड्यात अधिक माल टाकत राहील; त्यातलाच हा प्रकार. शक्ती वाढते हे खरे, परंतु ती काट्याची फसवणूक करून मिळविलेली असते.

सर्वच पेट्या सारख्या नव्हेत

बाजारात या नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. टर्बो इंजिनावर चांगल्या प्रतीच्या पेटीचा परिणाम जाणवतो. टर्बो नसलेल्या इंजिनात जादा हवा कोंबण्याची सोयच नसल्याने लाभ अत्यल्प असतो. काही पेट्या केवळ अ‍ॅक्सिलरेटरच्या पायकळीचा संकेत बदलतात. त्यामुळे पाय थोडा दाबताच गाडी झेप घेते. पण इंजिनाची कमाल शक्ती आहे तेवढीच राहते. गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये खोचावयाच्या काही स्वस्त वस्तूंत तर लुकलुकणाऱ्या दिव्यापलीकडे फारसे काही नसते.

याउलट, अभ्यासपूर्वक बनविलेली उपकरणेही आहेत. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्स या कंपनीचे ‘पॉवरट्रॉनिक’ हे मूळ संगणकास जोडून चालणारे उपकरण शर्यतीच्या हौशी वर्तुळात परिचित आहे. इंधन आणि ठिणगीची वेळ यांत त्याद्वारे बदल करता येतो. अशा साधनाची खरी जागा म्हणजे शर्यतीचे मैदान आणि जाणकाराचा हात.

पुणे जिल्ह्यातील उदाहरण

पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात १,२४८ घन सेंटिमीटरचे एक डिझेल इंजिन तयार होत असे. ते सुमारे ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन प्रकारांत मिळे. आकारमान तेच असताना पंधरा अश्वशक्ती वाढविण्यासाठी उत्पादकांनी केवळ संकेत बदलून भागविले नाही. पाती हलविता येणारा वेगळा टर्बोचार्जर बसविला. जोडपेटी मात्र धातूचा एकही भाग बदलीत नाही. जुन्याच भागांवर ती नवा भार टाकते.

धोके कोणते?

उत्पादक प्रत्येक इंजिनात ताकदीची काही शिल्लक राखून ठेवतो. कडक उन्हाळा, घाटातील चढ, हलक्या प्रतीचे इंधन आणि वाढते वय यांसाठी ती असते. जोडपेटी ही शिल्लक आधीच खर्च करते. मग पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके देऊ लागते, दट्ट्या तापतो, टर्बोचार्जरचे बेअरिंग झिजते, क्लच घसरतो. ब्रेक आणि टायर मात्र पूर्वीच्याच वेगासाठी बनविलेले असतात. पुणे–बेंगळुरू महामार्गावर निपाणी ते बेळगाव या पट्ट्यात ट्रॅक्टर, ऊसगाड्या आणि पादचारी यांचाही वावर असतो. तेथे वाढलेला वेग एकट्या चालकाच्या जिवाशी खेळत नाही.

कायद्याची बाजूही महत्त्वाची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मर्यादाही जादा इंधनाच्या धुराने ओलांडल्या जाऊ शकतात. कंपनीची हमी व विम्याचा दावा यांतही अडचण उद्भवू शकते.

काय करावे?

पेटी घेण्यापूर्वी गाडीच्या कंपनीस आणि विमा कंपनीस लेखी विचारावे. प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा सल्ला घ्यावा. विक्रेत्याकडे शक्तिमापन यंत्रावरील आधीच्या व नंतरच्या नोंदी मागाव्यात. त्या दाखविता येत नसतील तर सौदा सोडून द्यावा. पुष्कळदा मंदावलेल्या गाडीस स्वच्छ एअर फिल्टर, वेळेवर बदललेले ऑइल आणि टायरमधील योग्य हवा एवढेच हवे असते.

शिक्षकांनी आणि तंत्रशिक्षण संस्थांनी हा विषय विद्यार्थ्यांपुढे अवश्य मांडावा. उद्यमबागेतच १९७९ साली स्थापन झालेले गोगटे तंत्रज्ञान महाविद्यालय आहे आणि भोवती भाग घडविणारे कुशल हात आहेत. वेगाची ओढ असलेल्या तरुणाने ती जिज्ञासा इंजिन समजून घेण्याकडे वळविली, तर त्यातून स्वतःचा व्यवसाय उभा राहू शकेल. संकेत फसविता येतो, पण पोलादावरचा ताण फसविता येत नाही, हे ज्याला उमगले तोच खरा कारागीर.