मशेरीने दाढ बरी होत नाही

वस्तीत शिबिर घेतलं की आम्हाला हमखास ऐकू येतं, "दाढ दुखती म्हणून मशेरी लावते, ताई." मशेरीने थोडा वेळ बधिर वाटतं, हे खोटं नाही. पण मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखूच. दुखणं दबतं, कीड आत पोखरतच राहते. वर सवय लागते, हिरड्या सुटतात, तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गरोदरपणात लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. पंचशील घेताना पाचव्या शीलाला आम्ही बाया पुरुषांच्या दारूकडे बघतो. आपल्या कनवटीच्या डबीकडेही बघायला हवं.

कीड म्हणजे अळी नव्हे. बाजारात धुरी देऊन दातातून अळी काढून दाखवतात, ती फसवणूक आहे. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते आम्ल दात विरघळवतं. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याने जास्त फरक पडतो. दिवसभर घोटघोट गोड चहा, पोराच्या हातात सतत बिस्कीट, म्हणजे दातांना उसंतच नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं सगळ्यात महत्त्वाचं. फ्लोराइडची साधी पेस्ट पुरते, महागडी नको. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. राखुंडी, विटेची पूड बंद. त्याने दात झिजतात.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे एक नवी दाढ येते. आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून आया तिला दुधाची समजतात आणि "पडेलच की" म्हणून सोडून देतात. ती कायमची असते, पुन्हा येत नाही. आज रात्री मुलाचं तोंड उघडून बॅटरीने बघा. काळा ठिपका दिसला तर लगेच दाखवा. लहान खड्डा भरता येतो, नसेपर्यंत कीड गेली की रूट कॅनल, नाहीतर दाढ काढणं. जिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर असतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

दुखऱ्या दाढेच्या हिरडीवर गोळी चुरून ठेवू नका, हिरडी भाजते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दुखत नसली तरी दाखवा.