मुंजा: पिंपळावरून पडद्यावर

भुतें आहेत कीं नाहींत, हा वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. आमच्यापुरता तो केव्हांच मिटला आहे. तथापि तिन्हीसांजेनंतर जुन्या पिंपळाखालून जातांना आमचें पाऊल अजूनहि थोडें झपाझप पडतें, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. आज विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. 'मुंजा म्हणजे काय?' असें आम्हीं वर्गांत विचारलें तेव्हां बहुतेक हात वर झाले. परंतु उत्तरें सारीं एकाच ठिकाणाहून आलीं, तें म्हणजे २०२४ सालचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट. आपल्या गांवचा मुंजा कोणत्या झाडावर असे, हें मात्र एकासहि सांगतां आलें नाहीं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं असेच प्रश्न शिक्षकांना घालण्यांत आले होते. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्यानें लोकसमजुती जमविण्यासाठीं गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून उत्तरें मागविलीं. नाशिकचे कलेक्टर असतांना २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें जॅक्सन मारले गेले. कान्हेरे आपल्याच जिल्ह्यांतले, हाहि एक विलक्षण योग. मागें राहिलेले कागद आर. ई. एन्थोवेन यांनीं जुळविले आणि कोंकणाचा भाग १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या तळटिपांतून अमक्या गांवचे मास्तर, तमक्या गांवचे मास्तर असे उल्लेख येतात. आपल्याच व्यवसायबंधूंची ही कामगिरी पाहून आम्हांस थोडा अभिमान वाटतो.

त्या नोंदींत वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, चेडा अशी मोठी मंडळी आहे. ही नुसती नांवें नव्हत. प्रत्येकाला पूर्वायुष्य आहे. मुंज झाली, पण सोडमुंज होण्यापूर्वींच जो मुलगा वारला तो मुंजा. बाळंतपणांत दगावलेली स्त्री ती हडळ. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट. जिवंतपणींची जात आणि वैधव्यहि मरणानंतर सुटत नसे, असा याचा अर्थ होतो, आणि तो वाचून भीतीपेक्षां खंतच अधिक वाटते. ही यादी म्हणजे त्या समाजांत कोणाचें काय अपुरें राहून जात असे, याची टिपणवहीच आहे.

म्हणूनच या भुतांवरचा उपाय पुष्कळदां झुंजीचा नसे. मुंजाचा त्रास होऊं लागला तर पिंपळाची मुंज लावीत, त्याला पार बांधीत. मुलाचें जें राहून गेलें तें झाडाला देऊन टाकीत. वेताळ तर भुतांचा राजा. परंतु वेंगुर्ले तालुक्यांत आरवलीस तोच वेतोबा होऊन गांवाची राखण करितो. रात्रीं फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात.

गिऱ्ह्याची गोष्ट खाडीकांठच्या मुलांनीं अवश्य ऐकावी. तो पाण्याजवळ राहतो, रात्रीं माणसाला नांवानें हाक मारितो आणि वाट चुकवून खोल पाण्यांत नेतो. ज्याच्या हातीं त्याचा केस लागेल त्याची मात्र तो चाकरी करितो. जपानांत नदीवर असाच 'काप्पा' राहतो. त्याच्या डोक्यावरील खोलगट भागांत पाणी असतें व तेंच त्याचें बळ. त्याला वांकून नमस्कार केला कीं तोहि वांकतो, पाणी सांडतें आणि तो निर्बळ होतो! भरतीच्या वेळीं अंधारांत पाण्याकडे मुलांनीं जाऊं नये, ही धास्ती दोन्हीं देशांतील आयांना सारखीच असली पाहिजे.

जपानांत अशा प्राण्यांना 'योकाई' म्हणतात. तोरियामा सेकिएन यानें १७७६ सालींच त्यांचीं चित्रें छापलीं. पुढें मिझुकी शिगेरु (१९२२ ते २०१५) या चित्रकारानें 'किटारो'च्या चित्रकथांतून त्यांना घरोघर नेलें. लहानपणीं एका म्हाताऱ्या बाईनें त्याला या गोष्टी सांगितल्या होत्या. तिच्यावरहि त्यानें पुस्तक लिहिलें. त्याच्या साकाइमिनातो गांवीं आज रस्त्याच्या दुतर्फा योकाईंचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत. सुप्रसिद्ध पोकेमॉनमधील नऊ शेपट्यांची कोल्हीहि त्याच परंपरेंतली.

आतां आपल्या पडद्याकडे वळूं. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'नें पिंपळ राखला, कोंकण राखलें, मुलाची अपुरी इच्छाहि राखली, याबद्दल त्याचें कौतुक केलें पाहिजे. परंतु तेथें मुंजा हा संगणकानें घडविलेला शत्रु आहे. त्याच्याशीं शेवटीं झुंज होते, त्याचें देणें फेडलें जात नाहीं. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मधील (२०१८) हस्तर तर आपल्या कोणत्याच यादींत नाहीं. तुंबाड गांव मात्र खेड तालुक्यांत खरोखरीच आहे, व श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीनें तें वाचकांस ठाऊक झालें. तरीहि हस्तर आम्हांस परका वाटत नाहीं. कारण लोभाला जागा आणि शिक्षा दोन्हीं नेमून देण्याची रीत आजीच्याच गोष्टींतली आहे. २०१६ पासून 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेनें मालवणी बोली महाराष्ट्रभर पोहोंचविली, हाहि लाभ लहान नव्हे.

चित्रपट पुन्हां पाहतां येतो. तोडलेला पिंपळ पाहतां येत नाहीं. महामार्गाच्या रुंदीकरणांत कितीतरी जुनीं झाडें गेलीं, आणि झाडाबरोबर त्याची गोष्ट सांगण्याचें निमित्तहि गेलें. तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, येत्या दिवाळीच्या सुटींत एक वही घेऊन आजीआजोबांपाशीं बसा. कोणतें झाड, कोणती विहीर, कोण मेलें होतें, कशानें, आणि पुढें गांवानें काय केलें, एवढें विचारा. सांगणाऱ्याच्याच बोलींत लिहा, आपलें कांहीं घालूं नका. गांवाचें नांव व तारीख मात्र विसरूं नका. घरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलांना थोडा वेळ द्यावा, ही विनंती. वह्या सुटीनंतर वाचनालयांत जमा कराव्या.