पूर येण्याआधीचा पंचनामा

साउथहॅम्प्टनच्या बंदरातल्या क्रेन जिथं मागे पडतात, तिथंच टेस्ट नदीकाठची ओली कुरणं सुरू होतात. हॅम्पशायरच्या शेतकऱ्याची ऑक्टोबरात हिवाळी गहू पेरायची लगबग असते. त्याच धांदलीत अर्धा दिवस मोबाइल घेऊन बांधावरून फिरायला काढावा. का, ते 2024 साली कळलं.

त्या जानेवारीत हेन्क वादळ आलं. एप्रिलमध्ये सरकारने शेती पुनर्भरणाचा निधी जाहीर केला: विम्यात न बसणाऱ्या नुकसानीसाठी 500 ते 25,000 पौंड. पण पहिल्या यादीत मोजक्याच काउंट्या होत्या. विल्टशायर होतं, हॅम्पशायर नव्हतं. एव्हन नदी सॉल्झबरीवरून वाहत पुढे हॅम्पशायरातल्या फोर्डिंगब्रिजला येते. काउंटीची हद्द तिला काय ठाऊक! त्यातच मुख्य नदीपासून 150 मीटरच्या आतलीच जमीन धरायची, अशी अट निघाली. शेतकरी संघटनांनी आवाज उठवल्यावर ती मागे घेतली गेली.

ही अट हॅम्पशायरच्या दृष्टीने तर अजबच. इथल्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस आठवडेच्या आठवडे त्यात मुरतो आणि मग पाणी खालून वर येतं, नदीपासून कितीतरी लांब. 2013-14 च्या हिवाळ्यात हॅम्बल्डन गावाने तो अनुभव घेतला. म्हणून पाऊस थांबला की फोटो थांबवू नयेत. पेरणीनंतर एकदा, पाणी असताना आणि ओसरल्यावर, दर वेळी त्याच कोपऱ्यातून, तारखेसह फोटो घ्यावा. वाहून आलेला ओंडका, गाळ, मोडलेलं कुंपण हलवण्याआधी टिपावं आणि मजुरीच्या, डिझेलच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. लहान ओढे आणि चर मोकळे ठेवणं ही काठच्या मालकाचीच जबाबदारी. ते काम पानगळीतच उरकावं. आणि वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर शेतात घालू नये. चाकांनी दाबलेली माती पुरापेक्षा जास्त काळ छळते.

नोव्हेंबर 2024 मध्ये नव्या सरकारने हा निधी वाढवून 6 कोटी पौंड केला, सुमारे 13,000 शेतकऱ्यांसाठी. अर्ज करायचा नव्हता. पात्र शेतकऱ्यांना ग्रामीण देयक संस्थेनेच कळवलं. सोय उत्तम, पण नोंदवलेला पत्ता जुना असेल किंवा नकाशावर शेताची हद्द चुकलेली असेल, तर पत्र कुठे जाणार? तेव्हा संस्थेकडची आपली नोंद या महिन्यात एकदा उघडून पाहावी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. 2025 च्या अतिवृष्टीनंतर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, मर्यादा दोनऐवजी तीन हेक्टर, असे आकडे जाहीर झाले. तिथे 33 टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. साउथहॅम्प्टनला नोकरीला असलेल्या आणि गावच्या सातबाऱ्यावर नाव असलेल्या मंडळींनी ई-पीक पाहणी झाली का, आधार जोडलेलं खातं चालू आहे का, हे भावाला किंवा काकांना फोन करून विचारून घ्यावं. शेतकरी ओळखपत्र राहिलं असेल, तर पुढच्या सुट्टीच्या तिकिटाबरोबर त्याचाही एक दिवस धरावा.