दुकानाचें वजन

अंगणवाडींत दर महिन्यास मुलांचें वजन होतें, हें आपल्या गांवोगांवच्या मंडळींस ठाऊक आहे. ताई मुलास काट्यावर बसवितात, आंकडा वहींत लिहितात, आणि मूल रोडावलेलें दिसलें तर आईस सांगतात: डाळ द्या, भाजी द्या, अंडें द्या. सल्ला उत्तम आहे. परंतु ती आई तेथून ज्या दुकानाच्या पायरीशीं जाते, तेथें हे पदार्थ आहेत काय, आणि असल्यास तिच्या पदरच्या पैशांत ते येतात काय, हें कोणी पाहत नाहीं. आजच्या पाठांत आपण मुलाचें नव्हे, तर दुकानाचें वजन करावयास शिकूं.

मोजण्याचा धडा आपल्या जिल्ह्यानें पूर्वींच गिरविला आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दंपतीनें १९७० सालीं जामखेड येथें आरोग्याचें कार्य आरंभिलें. गांवांतील स्त्रिया, ज्यांपैकीं पुष्कळ निरक्षर होत्या, त्यांनीं निवडून आरोग्यसेविका केल्या व त्यांस मुलांचें वजन करावयास शिकविलें. १९७९ सालीं त्या उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. रोगाचें मूळ पुष्कळदा अन्नांत व पाण्यांत असतें, हें त्या कार्यानें जगास दाखविलें. मुलाचें वजन परिणाम सांगतें. कारण शोधावयाचें तर शेत, चूल आणि दुकान यांकडे वळावें लागतें.

दुकानें मोजण्याची एक रीत अमेरिकेंतील संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केली. हितकर पदार्थ दुकानांत आहे काय, त्याच जातीच्या कमी हितकर पदार्थाच्या मानानें त्याची किंमत किती, आणि माल ताजा आहे काय, असे तीन प्रश्न त्या रीतींत आहेत. प्रश्न आपणांस उपयोगी आहेत. त्यांची यादी नाहीं. कमी मलईचें दूध आणि गोठविलेलें तयार जेवण आपल्या वाडीवस्तीवर कोण विचारतो?

आपली यादी हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनावरून करावी. मोठ्या माणसाच्या दिवसाच्या सुमारें २००० उष्मांकांच्या ताटासाठीं तींत धान्य २५० ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम, दूध किंवा दहीं ३०० मिलिलिटर, आणि डाळी, कडधान्यें, अंडीं व मांस मिळून ८५ ग्रॅम सांगितलें आहे. शेंगदाण्यासारखे दाणे व तेल निराळे.

आतां वही घेऊन प्रथम रेशनच्या दुकानापाशीं उभे राहूं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांत माणशीं महिन्यास ५ किलो धान्य ठरलें, आणि जानेवारी २०२३ पासून तें फुकट झालें. ५ किलो म्हणजे दिवसास सुमारें १६७ ग्रॅम. धान्याची गरज दोनतृतीयांश भागली, आणि ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ताटांतील डाळ, भाजी, दूध व फळ त्या पोत्यांत नाहीं. तें किराणा दुकानांत अथवा आठवडे बाजारांतच शोधलें पाहिजे.

शेवगांवाकडील एका गांवीं दुकानाच्या ओट्यावर एक आई मुलास वेफर्सची पुडी घेऊन देत होती. मीं विचारलें, शेंगदाणे कां देत नाहीं? ती म्हणाली, "शेंगदाणे लई महाग झालेत, पाळकसाहेब. ही पुडी पाच रुपयांत येती." मीं मनांत हिशेब केला. समजा, पुडींत १२ ग्रॅम माल आहे; तर किलोस चारशें रुपयांहून अधिक भाव पडला. समजा, शेंगदाणे दीडशें रुपये किलो आहेत. तर पांच रुपयांत ३३ ग्रॅम मिळावयास हवेत. मग ती चुकली काय? नाहीं. पाव किलोच्या खालीं शेंगदाणे तोलावयास दुकानदार नाखूष होता, आणि तिच्या हातांत पांचच रुपये होते. म्हणून वहींत किलोच्या भावाशेजारीं आणखी एक रकाना आंखा: लहानांत लहान माप कितीचें मिळतें? गरिबाचा खरा भाव त्या रकान्यांत असतो.

दुसरें, भाव मजुरीशीं ताडून पाहा. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा दर दिवसास २९७ रुपये होता. पांच मोठ्या माणसांस ८५ ग्रॅमप्रमाणें सवाचारशें ग्रॅम डाळ लागेल. १४० रुपये किलो धरली तर साठ रुपये झाले. दिवसाच्या मजुरीचा पांचवा हिस्सा एकट्या डाळीवर गेला, आणि रोज काम कोठें मिळतें?

फळीवर दिसत नाहीं असेंही कांहीं असतें. उधारी कोणास मिळते व कोणास नाहीं, आणि बाजारास जाण्यायेण्याचें भाडें किती पडतें, हें बायांस विचारल्यावांचून कळावयाचें नाहीं. दुधाचेंच पाहा. दूध उत्पादनांत आपला जिल्हा राज्यांत अग्रेसर गणला जातो; पण दोन्ही वेळचें दूध डेअरीच्या कॅनांत ओतलें जातें आणि घरांत काळा चहा होतो. दुकानाची तूट कांहीं अंशीं परसांत भरून निघते. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी वाल व भाज्यांचें बियाणें राखिलें, आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. पाणी असेल तेथें हा मार्ग खुला आहे. जामखेड-पाथर्डीच्या कोरड्या वस्तीस तो उन्हाळ्यांत बंद असतो, हें विसरूं नये.

वही पुरी झाली म्हणजे प्रथम दुकानदारास दाखवा. तो आपला वैरी नव्हे. जें खपतें तें तो ठेवितो. अंडीं फुटतात, भाजी सडते, ही त्याची अडचण खरी आहे. वीस घरांनीं दर आठवड्यास ठराविक अंडीं घेण्याचें कबूल केलें तर तो आणील, आणि दहा रुपयांची डाळ तोलण्यासही कदाचित् तयार होईल. रेशनच्या मापाची तक्रार असेल तर ती ग्रामसभेंत लेखी द्यावी. एक मोजणी पौषांत करावी व दुसरी वैशाखांत; मात्र दोन्ही वेळीं यादी तीच व दुकानेंही तींच असावीं.