सैतानाच्या विवरातील मासा

नकाशात अमेरिकेतील नेव्हाडा राज्य शोधा. तेथील वाळवंटात एका टेकडीच्या चुनखडकाला मोठी चीर पडली आहे. तिचे नाव डेव्हिल्स होल, म्हणजे सैतानाचे विवर. आत पाणी आहे. पाणबुडे १३० मीटरच्याही खाली गेले, पण तळ लागला नाही. एवढ्याच पाण्यात पपफिश माशाची एक जात राहते. निसर्गात ती इतरत्र कोठेही नाही. मासा निळसर, जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब.

पाणी अथांग असले, तरी माशाचा संसार चालतो तो तोंडाजवळच्या, लहान खोलीएवढ्या उथळ कातळावर. तेथे ऊन पोचते, म्हणून शेवाळ वाढते. अन्न तेथेच, अंडीही तेथेच.

पाण्याचे तापमान बारा महिने सुमारे ३३ अंश सेल्सिअस असते. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतो, हे तुम्ही शिकला आहात. २० अंशाला एक लिटर पाणी हवेतून सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेऊ शकते, ३३ अंशाला सुमारे ७. विवरात तर २-३ मिलिग्रॅमच असतो, कारण हे पाणी भूगर्भातील. हवेशी त्याचा संबंध थोडा. आपले बहुतेक मासे तेथे गुदमरतील!

खरा धोका मात्र वेगळाच निघाला. शेजाऱ्याने पंप लावला की आपल्या विहिरीचे पाणी उतरते, हे खेड्यातील मुलांना सांगायला नको. १९६८ च्या सुमारास आसपासच्या शेतीसाठी उपसा वाढला, विवराची पातळी घसरली आणि कातळ उघडा पडू लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७६ साली न्यायालयाने एकमताने ठरवले, की माशासाठी आवश्यक ती पातळी राखलीच पाहिजे. बोटाच्या एका पेराएवढ्या माशासाठी!

भूकंपाला मात्र मनाईहुकूम लागू होत नाही. १९ सप्टेंबर २०२२ रोजी मेक्सिकोत भूकंप झाला आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या या विवरात मीटरभर उंचीच्या लाटा उसळल्या. भूकंपाची जलद कंपने वाटेतच विरतात, मंद कंपने दूरवर टिकतात. भरलेली बादली नेताना पावलांचा ठेका पाण्याच्या हेलकाव्याशी जुळला, की पाणी कसे सांडते ते आठवा. कातळावरचे शेवाळ आणि अंडी अशा लाटांत धुऊन जातात.

२०१३ च्या मोजणीत ३५ मासे होते. २०२४ च्या वसंत ऋतूत ते १९१ झाले. पुढे आणखी भूकंपांनी कातळ धुतला, आणि २०२५ च्या वसंतात पुन्हा अवघे ३८ मोजले गेले. जवळच त्या कातळाची प्रतिकृती असलेली एक मोठी टाकी बांधली आहे. पाणी जवळजवळ तसेच कोमट, ऑक्सिजन मात्र मुद्दाम विवरापेक्षा जास्त ठेवलेला. या माशांचा राखीव कळप तेथे पाळला जातो.