आंधळा विणकर

घराच्या कोपऱ्यात जाळे विणून बसलेला कोळी सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु ज्याला सूर्यप्रकाश पाहण्यासाठी डोळेच नाहीत, असाही एक कोळी या पृथ्वीवर आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे मोठे शहर आहे. त्या परिसरात जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे. झिरपणाऱ्या पाण्याने तो दीर्घकाळ विरघळत राहिला आणि त्यात लहानमोठ्या गुहा व फटी निर्माण झाल्या. तेथील गडद अंधार हेच या कोळ्याचे घर.

त्याचे शरीर अवघे काही मिलिमीटर लांब व फिकट रंगाचे असते. असंख्य पिढ्या काळोखात गेल्यामुळे या जातीचे डोळे नाहीसे झाले. हा कोळी बारीक जाळीसारखे जाळे विणतो व लहान कीटकांवर उपजीविका करतो. गुहेच्या अंधारात हिरवी वनस्पती वाढत नाही. वाहून आलेला पालापाचोळा, वरून उतरलेली मुळे आणि बाहेर चरून परतणाऱ्या रातकिड्यांची विष्ठा यांवर तेथील जीवसृष्टी पोसली जाते. म्हणूनच वरची जमीन उजाड झाली, की खालचे अन्नही आटते.

१९८० साली 'ब्रेकन बॅट केव्ह' या गुहेत या जातीची एक मादी सापडली. १९९० मध्ये तेथे घर बांधताना गुहेचे तोंड बुजवले गेले. पुढे १९९२ मध्ये विलिस गर्टश या शास्त्रज्ञांनी या जातीला 'सिक्युरिना व्हेनी' असे नाव दिले. नाव मिळण्यापूर्वीच बिचाऱ्याच्या घराचे दार बंद झाले होते! २००० साली अमेरिकन शासनाने या जातीला कायद्याचे संरक्षण दिले.

२०१२ साली त्याच शहरात एका हमरस्त्याखालून मार्ग काढण्याचे काम चालू होते. तेथे सुमारे सहा फूट खोल असा एक नैसर्गिक खड्डा उघडा पडला. त्यात एका जीवशास्त्रज्ञाला आंधळा कोळी आढळला. अशा कोळ्यांच्या जाती नुसत्या बाह्यरूपावरून ओळखता येत नाहीत. त्यामुळे त्याचे विच्छेदन करावे लागले. तेव्हा कळले, की सुमारे तीस वर्षे कोणाच्या दृष्टीस न पडलेला हा तोच विणकर होता! दीड कोटी डॉलर खर्चाचे ते काम तत्काळ थांबवण्यात आले.

वाहनांच्या गर्दीने त्रासलेल्या नागरिकांना तो मार्ग हवा होता, आणि त्यांची गरज खोटी नव्हती. परंतु मार्गाचा आराखडा पुन्हा काढता येतो. नष्ट झालेली जात मात्र कोणत्याही कारागिराला पुन्हा घडवता येत नाही.

स्वाध्याय

१. गुहेतील जीवांना अन्न कोठून मिळते?
२. 'नाव मिळण्यापूर्वीच घराचे दार बंद झाले होते' असे का म्हटले आहे?
३. रस्ता की कोळी? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.